सागर-विज्ञानाची परदेशी अभ्यासयात्रा व तिची पूर्वतयारी

वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यानें रानांत जावें, भूगर्भशास्त्र शिकणाऱ्यानें डोंगर चढावे, त्याचप्रमाणें समुद्राचें शास्त्र शिकूं इच्छिणाऱ्यानें समुद्राकडे जावें, हें निराळें सांगावयास नको. बरणींत घालून ठेवलेला तारामासा पाहून त्याचे अवयव मोजतां येतात. परंतु तो ओहोटीच्या वेळीं खडकास कसा चिकटून राहतो, शिंपला कसा उघडतो, भरती आली म्हणजे काय करतो, हें बरणी सांगत नाहीं. शिवाय समुद्र सर्वत्र एकसारखाही नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतींवर जें जीवन आढळतें तें नॉर्वेच्या थंड खाड्यांत आढळत नाहीं, आणि कोंकणच्या किनाऱ्यावरील जीवांपैकीं कित्येक भूमध्य समुद्रांत मुळींच दिसत नाहींत. म्हणून या शास्त्राच्या अभ्यासकांना आरंभापासूनच स्वदेशाची सीमा ओलांडावी लागली.

1872 सालीं आंटोन डोर्न नांवाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें इटलींतील नेपल्स शहरीं समुद्रकांठीं एक संशोधनगृह स्थापिलें. तेथील व्यवस्था मोठी चतुराईची होती. निरनिराळ्या देशांचीं सरकारें व विद्यापीठें तेथील एकेक टेबल वर्षाच्या भाड्यानें घेत. त्या टेबलावर त्यांनीं पाठविलेल्या अभ्यासकास जागा, उपकरणें, समुद्राचें पाणी व ताजे प्राणी मिळत. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत ‘चॅलेंजर’ हें जहाज शास्त्रज्ञांस घेऊन इंग्लंडहून निघालें, तें पृथ्वीप्रदक्षिणा करून 1876 सालीं परत आलें. आजच्या सागर-विज्ञानाचा पाया बहुतांशीं त्या प्रवासांत घातला गेला.

आतां अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया व इतर देशांतील कित्येक विद्यापीठें आपल्या विद्यार्थ्यांना कांहीं आठवड्यांसाठीं दूरच्या बेटांवर, किनाऱ्यांवर व जहाजांवर अभ्यासास पाठवितात. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी थोड्याच वर्षांत अशा यात्रेच्या अर्जावर सही करील. कोणी पुढें शिक्षक होऊन तिची आखणी करील. आणि पुष्कळांना केव्हांतरी आईबापांच्या नात्यानें ‘पाठवावें कीं न पाठवावें’ हें ठरवावें लागेल. या तिघांच्याही उपयोगीं पडावें म्हणून, अशी यात्रा सुरक्षित कशी करतां येते याचा विचार येथें करावयाचा आहे.

धोका कोणत्या रूपानें येतो ?

समुद्राचें नांव काढतांच सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें शार्क मासा व तुफान हीं उभीं राहतात. अनुभव मात्र निराळा आहे. ‘चॅलेंजर’ जहाजावर रूडोल्फ फॉन विलेमोस-सूम नांवाचा एक तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. 1875 सालच्या सप्टेंबरांत, पॅसिफिक महासागरांत ताहिती बेटाकडे जात असतां, तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं वारला. त्याचा प्राण लाटांनीं घेतला नाहीं. धांवरें, म्हणजे कातडीचा वेगानें पसरणारा संसर्ग, त्यास कारण झाला.

दुसरें उदाहरण कॉनराड लिंबॉ याचें. कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स या सुप्रसिद्ध सागरशास्त्रीय संस्थेंत शास्त्रज्ञांना सुरक्षितपणें बुडी मारण्याचें शिक्षण देणाऱ्या पहिल्या मंडळींपैकीं तो एक होता. 1960 च्या मार्चमध्यें फ्रान्समधील मार्सेय शहराजवळ पाण्याखालील एका गुहेंत वाट चुकून तो मृत्यु पावला. ज्यानें इतरांस नियम शिकविले त्यालाही समुद्रानें सवलत दिली नाहीं.

तिसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेथें वादळ नव्हतें, महासागराचा प्रवास नव्हता. होती ती एक आनंदाची सहल.

हे तीन प्रसंग परस्परांहून भिन्न आहेत, तरी त्यांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. संकट अनेकदां साध्या व ओळखीच्या रूपानें येतें, आणि तें तज्ज्ञ व नवशिका असा भेद करीत नाहीं. म्हणून केवळ ज्ञान किंवा केवळ धैर्य पुरत नाहीं, व्यवस्था लागते. आणि ती व्यवस्था पाय भिजण्यापूर्वीं, जमिनीवर असतांना, शांत चित्तानें करावी लागते. लाटेंत सांपडलेल्या मनुष्यास नवा विचार सुचत नसतो. पूर्वीं ठरविलेलें व अंगवळणीं पडलेलें असेल तेवढेंच त्याच्या हातून घडतें.

एक प्रत्यक्ष स्थळ : हेरन बेट

विवेचन मोघम होऊं नये म्हणून एक खरेंखुरें स्थळ डोळ्यांपुढें ठेवूं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ नांवाची जगप्रसिद्ध प्रवाळरांग आहे. तिच्या दक्षिण भागांत, मकरवृत्ताजवळ, हेरन नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. तें प्रवाळांच्या चुऱ्यापासून झालेलें असून एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जाण्यास थोडीच मिनिटें पुरतात. क्वीन्सलंडमधील ग्लॅडस्टन बंदरापासून तें सुमारें 80 किलोमीटर दूर असून बोटीनें तेथें पोहोंचण्यास सुमारें दोन तास लागतात. 1950 च्या दशकाच्या आरंभीं तेथें संशोधन-केंद्र निघालें. सध्यां तें क्वीन्सलंड विद्यापीठ चालवितें, आणि अनेक देशांचे विद्यार्थी तेथें अभ्यासास येतात. बेटासभोंवतीं प्रवाळांचें विस्तीर्ण पठार आहे. ओहोटीच्या वेळीं त्यावरून पायीं हिंडतां येतें, व भरतीच्या वेळीं तेंच पाण्याखालीं जातें. अशा ठिकाणीं वीस विद्यार्थी न्यावयाचे आहेत असें धरून पुढील गोष्टींचा क्रमाक्रमानें विचार करूं.

हेतु व ऋतु

पहिला प्रश्न ‘केव्हां जावें’ हा नसून ‘कशासाठीं जावें’ हा आहे. हेरन बेटावर हिरव्या व लॉगरहेड जातीच्या समुद्री कांसवी अंडीं घालण्यास येतात. हा हंगाम साधारणपणें नोव्हेंबर ते मार्च असा असतो. परंतु तिकडील चक्रीवादळांचा हंगामही नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचाच आहे. कांसवींचा अभ्यास करावयाचा असेल तर वादळाच्या शक्यतेसह त्या महिन्यांत जावें लागेल. बेट सोडण्याची योजना व कांहीं शिलकी दिवस आधींच राखून ठेवावे लागतील. उलट प्रवाळ व मासे एवढाच विषय असेल तर जून ते ऑगस्ट, म्हणजे तिकडील हिवाळा, अधिक निर्धास्त. मात्र पाणी थंड असल्यामुळें अंगांत बुडीचा जाड पोशाख लागेल. हेतु ठरला म्हणजे ऋतु ठरतो, आणि ऋतु ठरला म्हणजे धोके कोणते हेंही ठरतें. सुटी कधीं पडते तेवढेंच पाहून तारीख धरणारा मनुष्य हा क्रम उलटा करतो.

आपल्या कोळी बांधवांस हें तत्त्व कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नाहीं. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या, व नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मग त्या पाण्यांत लोटावयाच्या, ही त्यांची परंपरा आहे. यांतील शहाणपण असें कीं, ‘आज जावें काय’ हा प्रश्न रोज सकाळीं नव्यानें सोडविण्याचा मोह तेथें ठेवलेलाच नाहीं. पोटाची निकड असतांही जी मर्यादा पाळावयाची ती पूर्वींच ठरलेली असते. अभ्यासयात्रेच्या पुढाऱ्यानेंही वारा किती असल्यास बोट सोडावयाची नाहीं, पाण्यांत किती अंतरावरचें दिसेनासें झाल्यास बुडी रद्द करावयाची, हे आंकडे घरीं बसून लिहून ठेवावे. समुद्रापुढें उभें राहून, वीस उत्सुक चेहऱ्यांकडे पाहत, ते ठरवूं नयेत.

भरती-ओहोटीचें गणित

किनाऱ्यावरील लोकांस उधाण व भांग हे शब्द ठाऊक असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याची चढउतार मोठी होते, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास ती लहान होते, ती भांगाची भरती. प्रवाळपठारावर पायीं हिंडणाऱ्यास यापुढचें गणितही आलें पाहिजे.

समजा, ओहोटी व भरती यांच्या पातळींत 2.4 मीटरांचा फरक आहे. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होण्यास सुमारें सहा तास लागतात. खलाशांचा जुना ठोकताळा असा कीं, या फरकाचे बारा भाग कल्पावे. पहिल्या तासांत पाणी एक भाग चढतें, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक. आपल्या उदाहरणांत एक भाग 20 सेंटिमीटरांचा आहे. तेव्हां कोरड्या जागीं उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या पायांशीं पहिल्या तासाच्या अखेरीस 20 सेंटिमीटर पाणी असेल, म्हणजे घोट्याच्या थोडें वर. दुसऱ्या तासाच्या अखेरीस 60 सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या वर. तिसऱ्या तासाच्या अखेरीस 120 सेंटिमीटर, म्हणजे छातीशीं. पहिल्या तासाचा अनुभव घेऊन ‘पाणी हळूच चढत आहे’ असा जो निश्चिंत होईल तो तिसऱ्या तासांत फसेल. प्रत्येक ठिकाणच्या खडकांच्या रचनेप्रमाणें हा हिशेब कमीअधिक होतो. म्हणून त्या ठिकाणचें भरतीचें कोष्टक हातीं असावें, आणि पाणी फिरतांच किनाऱ्याकडे तोंड फिरवावें.

विषारी जीव आणि एका डॉक्टरचा प्रयोग

या समुद्रांतील विषारी जीव बहुधा कोणाच्या अंगावर धांवून येत नाहींत. आपणच त्यांच्यावर पाय देतों किंवा त्यांस हातांत घेतों. स्टोनफिश नांवाचा मासा हुबेहूब दगडासारखा दिसतो; त्याच्या पाठीवरील कांटे पायांत शिरल्यास असह्य वेदना होतात. त्याकरितां जाड तळव्याचे जोडे घालावे, आणि कांटा लागल्यास सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारें 45 अंश सेल्सिअसच्या, गरम पाण्यांत पाय बुडवून वैद्यकीय मदत मिळवावी. कोन जातीचे सुंदर शंख विषारी बाण मारतात. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस तळहातावर मावेल एवढाच असतो; परंतु त्याच्या विषानें श्वासाचे स्नायु लुळे पडतात. त्यावर उताराही नाहीं. मदत येईपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालूं ठेवणें हाच उपाय. उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्याकडे, विशेषतः उन्हाळ्यांत, पेटीच्या आकाराचे अत्यंत विषारी जेलीफिश आढळतात. त्यांच्या दंशावर तेथें प्रथम व्हिनेगर ओतण्याची रीत आहे. या सर्वांवरील मुख्य नियम चार शब्दांचा आहे : पाहावें, परंतु शिवूं नये.

याच किनाऱ्यावरील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. पाण्यांतून बाहेर आल्यावर कांहीं वेळानें मनुष्यास पाठींत, पोटांत भयंकर कळा येत, ओकाऱ्या होत, आणि कारण तर कांहींच दिसत नसे. केर्न्स शहरचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनीं पुष्कळ शोध करून, अंगठ्याच्या नखाएवढा एक पारदर्शक जेलीफिश पकडला. हाच अपराधी कीं काय हें सिद्ध करण्यासाठीं 1961 सालीं त्यांनीं त्याचा दंश स्वतःस करून घेतला. आपल्या नऊ वर्षांच्या मुलास व एका तरुण जीवरक्षकासही तो करविला. तिघांसही रुग्णालयांत न्यावें लागलें. तिघेही वांचले, कारण सांपडलें, आणि पुढें त्या प्राण्याच्या शास्त्रीय नांवांत बार्न्स यांचें नांव गुंफलें गेलें.

स्वतःच्या देहावर प्रयोग करणाऱ्या त्या डॉक्टरचें धैर्य मोठें होतें, यांत शंका नाहीं. परंतु नऊ वर्षांचा मुलगा आपल्या बापास ‘नाहीं’ कसें म्हणणार ? विद्यार्थ्याची स्थितिही कित्येक वेळां अशीच असते. परीक्षेचे गुण, शिफारसपत्र, सोबत्यांपुढील मान, हें सर्व ज्याच्या हातीं आहे त्या प्राध्यापकानें ‘कोण येतो ?’ असें विचारलें असतां वर झालेला हात खऱ्या संमतीचा असतोच असें नाहीं. हा मुद्दा पुढें पुन्हां घ्यावयाचा आहे.

शरीराची तयारी व बुडीचें पदार्थविज्ञान

निघण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्याची वैद्यकीय तपासणी व पोहण्याची परीक्षा झाली पाहिजे. ‘मला पोहतां येतें’ हें अर्जांत लिहिलेलें वाक्य म्हणजे परीक्षा नव्हे. दमा, कानाचे विकार, फेफरें, हृदयाचे दोष हीं लपवून ठेवण्याचा मोह विद्यार्थ्यांस होतो. कारण यात्रेस मुकण्याची भीति असते. म्हणून जे पाण्यांत उतरूं शकत नाहींत त्यांच्यासाठींही बोटीवरील नोंदी, किनाऱ्यावरील मोजणी, प्रयोगशाळेंतील काम असें मानाचें काम आधींच योजून ठेवावें. खरें सांगण्यांत नुकसान नाहीं असें दिसलें म्हणजे विद्यार्थी खरें सांगतो.

हवेची टांकी पाठीवर घेऊन बुडी मारावयाची असेल तर वर्गांत शिकलेला बॉइलचा नियम जीवनमरणाचा होतो. पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो. समुद्रांत प्रत्येक 10 मीटरांमागें तो आणखी एका वातावरणानें वाढतो. 10 मीटर खोलीवर टांकींतील हवेनें भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर येईल, तर पृष्ठभागाशीं त्या हवेचें आकारमान दुप्पट होऊं पाहील व फुप्फुसें फाटतील. 30 मीटरांवरून 20 मीटरांवर येतांना तें सव्वापटीहून थोडें अधिक वाढतें. शेवटच्या 10 मीटरांत मात्र दुप्पट होतें. अर्थात् ‘आतां पोहोंचलोंच’ असें वाटतें तेथेंच धोका अधिक असतो. म्हणून श्वास केव्हांही रोखूं नये, आणि मिनिटास 9 मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये.

दाबाखालीं श्वासांतील नायट्रोजन रक्तांत विरघळतो. सोड्याच्या बाटलीचें बूच एकदम काढलें असतां जसे बुडबुडे उठतात, तसे ते दाब एकदम कमी झाल्यास रक्तांतही उठतात. विमानांत हवेचा दाब जमिनीवरच्याहून कमी असतो. यास्तव अनेक दिवस बुड्या मारल्यावर निदान 18 तास विमानांत बसूं नये, असें या विषयांतील तज्ज्ञ सांगतात. यात्रेच्या वेळापत्रकांत शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. त्या दिवशीं निबंध लिहावे, नमुने मोजावे. ज्या वेळापत्रकांत सकाळीं बुडी व सायंकाळीं विमान आहे, तें पाहतांच आखणाऱ्याची योग्यता कळून येते.

टांकीशिवाय, नुसता दम धरून बुडी मारणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट जाणावी. आरंभीं भराभर दीर्घ श्वास घेतल्यानें प्राणवायु फारसा वाढत नाहीं. कर्बवायु मात्र घटतो. श्वास घेण्याची निकड मुख्यतः कर्बवायुमुळें वाटते. ती सूचना न मिळाल्यामुळें मनुष्य पाण्याखालींच बेशुद्ध होतो, व त्यास आगाऊ कांहींच कळत नाहीं. चांगले पोहणारेच या सापळ्यांत अधिक सांपडतात.

‘अमेरिकन अकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेस’ ही संस्था शास्त्रीय कामासाठीं बुडी मारणाऱ्यास निदान 100 तासांचें शिक्षण आवश्यक मानते. सुटींत तीनचार दिवसांत मिळविलेलें हौशी पाणबुड्याचें प्रमाणपत्र आणि हें शिक्षण, यांत महदंतर आहे. वेळ तोकडा असेल तर बुडी वगळून स्नॉर्केलनें, पृष्ठभागावरूनच, निरीक्षण करावें. प्रवाळांचा पुष्कळ अभ्यास उथळ पाण्यांत होतो.

हजेरी

शाळेंतील रोजची हजेरी तुम्हांस कंटाळवाणी वाटत असेल. 25 जानेवारी 1998 रोजीं याच ग्रेट बॅरिअर रीफवर पाणबुड्या प्रवाशांची एक बोट गेली होती. बुडी संपल्यावर बोटीवरील माणसांची मोजदाद चुकली, आणि एक अमेरिकन दांपत्य पाण्यांतच राहिलें असतां बोट परत निघाली. ही गोष्ट दोन दिवसांनीं, त्यांचें सामान बोटीवर तसेंच पडलेलें पाहून, लक्षांत आली. त्यांचा शोध पुढें कधींच लागला नाहीं. त्यानंतर क्वीन्सलंडमध्यें मोजणीचे व नोंदीचे नियम कडक करण्यांत आले.

यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, नुसतीं डोकीं मोजूं नयेत. नांव पुकारावें, प्रत्येकानें स्वतःच्या तोंडानें ‘हजर’ म्हणावें, व यादीवर खूण करावी. दुसऱ्याच्या वतीनें कोणी उत्तर देऊं नये. मोजणी दोघांनीं स्वतंत्रपणें करावी व दोहोंचा आंकडा जुळल्यावांचून इंजिन सुरू करूं नये. पाण्यांत प्रत्येकास जोडीदार असावा. एक वर आला तर दुसऱ्यानेंही वर यावें. शिवाय शिक्षकांपैकीं एकानें त्या दिवशीं पाण्यांत मुळींच न उतरतां केवळ पाहत राहावें. हें काम कंटाळ्याचें म्हणून तें आळीपाळीनें करावें. परंतु रिकामें ठेवूं नये.

वर्तन व दाद

समुद्राइतकाच मनुष्यस्वभावाचाही विचार करावा लागतो. दूर देशीं, लहानशा वस्तींत, रात्रंदिवस एकत्र राहिल्यानें कित्येकांचे संयम सुटतात. 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, क्षेत्रकाम केलेल्या 666 व्यक्तींनीं उत्तरें दिलीं; त्यांपैकीं शेंकडा 64 जणांनीं आपणांस लैंगिक स्वरूपाचें अशिष्ट बोलणें किंवा छळ सोसावा लागल्याचें सांगितलें. ज्यांस तें सोसावें लागलें ते बहुतेक शिकाऊ होते. ही गोष्ट झांकून ठेवण्यानें कोणाचेंही रक्षण होत नाहीं. वर्तनाचे नियम निघण्यापूर्वीं लेखी द्यावे; ते शिक्षकांसही लागू असावे. तक्रार ज्याच्याकडे नेावयाची ती व्यक्ति त्या बेटावरची नसून विद्यापीठांतली असावी, आणि तिच्याशीं एकांतांत बोलण्याचें साधन प्रत्येकाजवळ असावें. मद्य घेऊन पाण्यांत उतरणें किंवा बोटीवर काम करणें यास सर्वथा मनाई असावी.

एक पान

संकटकालीं जाड पुस्तक कोणी उघडीत नाहीं. म्हणून सर्व तजवीज एका पानावर लिहून तें प्रत्येकाजवळ द्यावें. प्रथम कोणास हांक मारावयाची, प्राणवायूची नळकांडी कोठें आहे, बोट कोण चालवील, ऑस्ट्रेलियांत संकटकाळचा दूरध्वनि 000 हा आहे, जवळचें रुग्णालय किती तासांवर आहे, एवढें त्यांत असावें. नायट्रोजनच्या बुडबुड्यांनीं आजारी पडलेल्यास प्रथम शुद्ध प्राणवायु देतात व मग दाबाच्या विशेष कोठडींत ठेवतात; हेरन बेटावरून अशी कोठडी गांठावयाची तर ब्रिस्बेन किंवा टाउन्सव्हिल, म्हणजे शेंकडों किलोमीटरांचा प्रवास. हें अंतर नकाशावर मोजलें असतां बुड्यांची खोली आपोआप कमी ठेवावीशी वाटते. प्रवासाचा नेहमींचा विमा पुष्कळदां बुडीचे अपघात वगळतो. तेव्हां विम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आणि पानावर लिहिलेलें पहिल्याच दिवशीं एकदां खोटा प्रसंग कल्पून प्रत्यक्ष करून पाहावें.

धोका पाण्यांतच असतो असेंही नाहीं. 2007 सालीं हेरन बेटावरील संशोधन-केंद्रास आग लागून त्याच्या मुख्य इमारती जळाल्या. पुढें त्या नव्यानें बांधल्या गेल्या. यास्तव पारपत्राची व नोंदींची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेवणें, रात्रीं बाहेर पडण्याच्या वाटा पाहून ठेवणें, याही गोष्टी तयारींत येतात.

या सर्वांस पैसा लागतो, व हिशेब जुळेनासा झाला म्हणजे प्रथम कात्री लागते ती विमा, जादा शिक्षक व शिलकी दिवस यांसच. कारण ते वगळल्यानें छापील कार्यक्रमांत कांहीं उणें दिसत नाहीं. पैसा कमी असेल तर दिवस कमी करावे, स्थळ जवळचें निवडावें. आपल्याकडेही मालवणजवळ सागरी अभयारण्य आहे, गोव्यांत 1966 सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. घराजवळचा किनारा ज्यानें नीट अभ्यासिला नाहीं त्यास दूरच्या किनाऱ्याचा फारसा उपयोगही होत नाहीं.

‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क

आतां राहिलेला मुद्दा. वरील सर्व व्यवस्था उत्तम केली, तरी शेवटीं एक क्षण असा येतो कीं, कोणा एका विद्यार्थ्यास पाण्याच्या कांठावर उभें असतां वाटतें, ‘आज मला बरें वाटत नाहीं, मी उतरूं नये.’ त्या वेळीं तो बोलेल कीं गप्प बसेल, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. यात्रेच्या नियमांत पहिलाच नियम असा असावा कीं, कोणत्याही विद्यार्थ्यानें कोणत्याही वेळीं, कारण न सांगतां, बुडी नाकारावी. त्यावरून त्याचे गुण कमी होणार नाहींत, त्याची थट्टा होणार नाहीं, व कारणही विचारलें जाणार नाहीं. हा नियम नुसता छापून भागत नाहीं. एखाद्या दिवशीं खुद्द प्राध्यापकानेंच सर्वांदेखत ‘आज वारा ठरल्याहून जास्त आहे, आपण जाणार नाहीं’ असें म्हटलें म्हणजे तो विद्यार्थ्यांच्या मनांत ठसतो.

आमच्याकडे वडील माणसांपुढें न बोलणें हा विनय समजला जातो, आणि योग्य ठिकाणीं तो शोभतोही. परंतु ज्या गोष्टींत प्राण गुंतलेला आहे तेथें मौन म्हणजे विनय नव्हे. ‘सर, मला भीति वाटते’ हे शब्द उच्चारण्यास पाण्यांत उडी टाकण्याहून अधिक धैर्य लागतें. आणि ते ऐकून रागावणारा पुढारी या कामास लायक नसतो.

तेव्हां, मित्रांनो, पुढें कधीं अशा यात्रेचें सुंदर चित्रांचें पत्रक तुमच्या हातीं पडेल, तेव्हां निळ्या पाण्याचीं चित्रें पाहून झाल्यावर नम्रपणें कांहीं प्रश्न विचारा. हाच महिना कां निवडला ? बुडी रद्द केव्हां करतां ? हजेरी कोण घेतो ? जवळचें रुग्णालय किती तासांवर आहे ? शेवटची बुडी व विमान यांत किती तासांचें अंतर आहे ? तक्रार कोणाकडे करावयाची ? आणि मी ‘नाहीं’ म्हटलें तर काय होईल ? उत्तरें तयार असतील तर आनंदानें जा. प्रवाळांचे रंग, कांसवींची रात्रींची वाटचाल, पृथ्वीच्या पाठीवरील एक अपूर्व सृष्टि तुम्हांस पाहावयास मिळेल. उत्तरें देतांना कोणी चाचरूं लागला, तर पुढच्या वर्षाची वाट पाहा. समुद्र तेथेंच असतो. ज्या यात्रेच्या परतीच्या बोटीवर यादींतील प्रत्येक नांवास ‘हजर’ असें उत्तर मिळतें, तीच यात्रा सफळ झाली असें समजावें.